लुक्रेसियाला आत जायचं होतं

सोइला तोआपांताने लुक्रेसियाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते नाताळच्या मिरवणुकीत. अकरा वर्षांची पोर, पाठीवर पुठ्ठ्याचे पंख आणि चेहरा रागाने लालबुंद. पंखांची दोरी काखेत काचत होती. ती ओढून काढायचा तिचा प्रयत्न चालला होता आणि दोन बायका तिचे हात धरून हसत होत्या, "राहू दे गं, किती गोड दिसतेस!" त्या वर्षी मेंढपाळ झालेल्या मुली पुढच्या वर्षी येशूची आई मारिया झाल्या, ज्ञानी राजे झाल्या. लुक्रेसिया मात्र देवदूत. त्याच्या पुढच्या वर्षीही देवदूत. तिशी उलटली तरी देवदूतच.

तिचा चेहरा गोल, डोळे किंचित तिरके, जीभ जड. डॉक्टर त्याला डाऊन सिंड्रोम म्हणत. गावाने आपला वेगळा शब्द शोधला होता, आंहेलिता. म्हणजे छोटी देवदूत. बाजारात, बसमध्ये, चर्चच्या पायरीवर, जो तो तिला याच नावाने हाक मारी. तिचं खरं नाव पुष्कळांना ठाऊक होतं. वापरायचे कष्ट कोण घेणार? त्या शब्दात लाड होते यात शंका नाही, पण हे लाड करणाऱ्यांपैकी एकानेही तिला कधी काही विचारलं नाही. जेवली का, एवढंसुद्धा तिच्या आईला विचारायचे.

सोइलाची गावात बेकरी होती आणि लुक्रेसिया तिथे आठ वर्षं कामाला होती. कणीक किती मळायची ते तिच्या बोटांना बरोबर कळे. देवदूताचं तिच्यात काही नव्हतं, हे सोइलाइतकं कुणाला ठाऊक असणार? ती साखर चोरून खाई. नावडत्या गिऱ्हाइकाला हटकून करपलेला पाव देई. शेजारच्या खाटकाची पोट खाजवत चालण्याची नक्कल अशी करी, की सोइलाला भिंतीला टेकून हसावं लागे. सोइला रागावली की ती उलट बोले. आणि तरीही, तोंडात बसलेला शब्द, सोइलासुद्धा तिला आंहेलिताच म्हणे.

बेकरीतल्या आठव्या वर्षी, मे महिन्यात लुक्रेसियाची आई वारली. ऑक्टोबरच्या अखेरीस, मृतांच्या दिवसासाठी दोघी पावाच्या बाहुल्या घडवत बसल्या असताना लुक्रेसियाने हातातली कणीक खाली ठेवली.

"ताई, शनिवारी मला पापनिवेदनाला जायचंय."

"तुला? अगं माझी आंहेलिता, तुला कसलं आलंय पाप?"

"आईने पाणी मागितलं. मी मालिका बघत होते. नाही दिलं. मालिका संपल्यावर गेले, तर ती..."

"तुला ऐकू आलं नसेल, बाळा."

"आलं होतं!" लुक्रेसियाने टेबलावर मूठ आपटली. "ऐकलं होतं मी!"

सोइलाने तिला जवळ घेतलं आणि समजावलं, की देव तुझ्यावर रागावूच शकत नाही. लुक्रेसियाने तिला ढकललं आणि दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

शनिवारी चर्चमध्ये पापनिवेदनाच्या खोलीसमोर वीसेक माणसांची रांग होती. ती लावून देत होत्या एनरिकेताबाई, गाव त्यांना मानाने दोन्या म्हणे. चाळीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलेल्या या बाईंनी लुक्रेसियाला कोपराला धरून बाजूला घेतलं.

"तुला कशाला गं रांग, राणी? फादर नंतर तुझ्या कपाळावर क्रूस काढतील. झालं."

"क्रूस नको. मला आत जायचंय."

"आत जाऊन सांगणार काय? मांजराचं शेपूट ओढलं?"

रांग हसली. "हिला पाप असेल, तर आपण मेलोच म्हणायचं!" खाटीक म्हणाला.

लुक्रेसियाची जीभ जड खरी, पण पुढचं वाक्य शेवटच्या बाकापर्यंत गेलं. "मी देवदूत नाही! मी लुक्रेसिया आहे!"

कुणीतरी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. लहान मुलाने कविता म्हटल्यावर वाजवतात तशा. त्या टाळ्यांनी रांगेत उभ्या असलेल्या सोइलाचं डोकं फिरलं.

गडबड ऐकून फादर आनिबाल बाहेर आले. तरुण होते, दमलेले दिसत होते. "काही नाही, फादर," दोन्या एनरिकेता म्हणाल्या, "हिला बिचारीला समज नाही."

"समज नाही?" सोइला रांग सोडून पुढे आली. "गेल्या महिन्यात तुम्ही शिळा पाव आणून, आजच घेतलाय म्हणून बदलून मागितलात, तेव्हा कुणी पकडलं तुम्हाला? मी नाही, हिने!"

आता रांग वेगळ्याच कारणासाठी हसली. सोइलाला हसू आलं नाही.

"फादर, ही रागीट आहे. साखर चोरते. तुमचीसुद्धा नक्कल करते. देवाने हिच्यासारखी दुसरी घडवली नाही, पण घडवली ती माणूसच. देवदूतांसाठी कुणी क्रुसावर मेलं नाही, तुम्हीच सांगता ना? माणसांसाठी मेला तो. मग हिला कोण वगळतंय त्यातून? आई गेल्यापासून हिच्या छातीवर धोंडा आहे आणि आम्ही सगळे म्हणतोय, धोंडा नाहीच. मीसुद्धा म्हटलं. लाज वाटते मला."

फादर खाली बघत हळूच म्हणाले, "तिचं बोलणं मला नीट समजत नाही, सोइलाताई."

"मग परत विचारा. मी आठ वर्षं विचारतेय."

फादरांनी लुक्रेसियाकडे पाहिलं. "ये, लुक्रेसिया," ते म्हणाले.

पस्तीस मिनिटं लागली. रांग कुरकुरली, खाटीक दोनदा बाहेर जाऊन आला, दोन्या एनरिकेता बाकावर बसून घड्याळ बघत राहिल्या. लुक्रेसिया बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. बाहीला नाक पुसून ती वेदीसमोर गुडघे टेकून बसली आणि बराच वेळ उठली नाही.

घरी जाताना सोइलाला राहवलं नाही. "काय म्हणाले फादर?"

"तुला काय करायचंय?"

सोइलाला आधी राग आला. एवढं भांडले हिच्यासाठी, आणि हे उत्तर! मग तिच्या लक्षात आलं, की पापनिवेदनातलं कुणी बाहेर सांगत नाही, आणि दुसऱ्या कुणाला तिने हा प्रश्न विचारलाच नसता.

गाव सुधारलं असं समजू नका. बाजारात अजून आंहेलिता चालतंच. लुक्रेसिया वळून बघत नाही, आणि माणसं वर म्हणतात, बिचारीला ऐकू येत नाही वाटतं.

लुक्रेसिया आता त्रेचाळीस वर्षांची आहे. बेकरीच्या मागच्या खोलीत राहते आणि महिन्यातल्या एका शनिवारी चर्चमध्ये रांगेत नंबर लावून उभी असते.