डोक्यावरची माती

मे महिन्यातल्या एका दुपारी पुतण्याचा फोन आला. "आत्या, बाबा उठूनच नाही राह्यले..." मी बुलढाण्याहून दुसरबीडला पोहोचेपर्यंत दादा गेला होता. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. ऊन! शाळेतून निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्यात दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारा माझा भाऊ, घरात, खाटेवर, उन्हानं गेला.

आमचं घर धाब्याचं होतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर हातभर माती. बाहेर रस्ता भाजत असला तरी आत गारवा असायचा. काही वर्षांमागे एका सकाळी जमीन हलली आणि फळीवरचे डबे खाली आले, बाकी काही नाही. गाव दोन दिवस बोललं आणि विसरलं. दादा विसरला नाही. तो मुळातच भित्रा, पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारा. त्यात त्याचा एक जुना विद्यार्थी, आता इंजिनिअर झालेला, घर पाहून म्हणाला, "सर, जोरात हालली तं ही सगळी माती नातवाच्या अंगावर येईन." झालं! भित्र्या माणसाच्या हट्टापुढे कुणाचं चालतं?

माती उतरवली. भिंतींच्या माथ्यावरून चौफेर सळईचा, सिमेंटचा पट्टा फिरवला, कोपरे बांधून घेतले, वर हलकी टिनं टाकली. टिनांखाली सीलिंग करायचं होतं, पण हात आखडला. ते पुढच्या वर्षावर गेलं आणि दरवर्षी पुढेच जात राहिलं.

वहिनी तेव्हाच चिडली होती. "भूकंप येईन तवा येईन, उन्हाळा तं दरसाल येते!"

"उन्हाळ्याले कूलर लावता येते," दादा म्हणाला. "भूकंपाले काय लावशीन?"

दादा गेला त्या दुपारी लाइन गेलेली होती.

भूकंप परत आला नाही, येऊही नये. पण मग दादानं बरोबर केलं की चूक, हे कुणालाच कधी कळायचं नाही... याचा मला फार राग येतो. नातू त्या भिंतींआड सुखरूप झोपतो, हे दिसतं. खाट रिकामी आहे, तेही दिसतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी टिनं तडतडत होती. वहिनी ओल्या टॉवेलनं मान पुसत बसली होती. मला बघवेना.

"वहिनी, चाला, शेजारी काकूकडे पडू. तिचं धाबं हाय अजून, गार लागीन."

ती उठली. काकूच्या दारापर्यंत माझ्यासोबत आली, मान वर करून त्या छपराकडे पाहिलं आणि मागे सरली.

"नको बाई," ती म्हणाली. "जमीन हालली तं?"