शब्दाचं गाव विचारणारे अब्बा

कपडे शिवणारे घोटावड्यात पुष्कळ आहेत; पण शब्द शिकवल्याशिवाय गिऱ्हाइकाला कपडा न देणारा माणूस अख्ख्या मुळशीत एकच, आणि तो म्हणजे माझ्या मैत्रिणीचे अब्बा. शाळा सातवीपर्यंतच झालेली. रद्दीत मिळालेला, पुठ्ठा गेलेला एक जाडजूड इंग्रजी कोश मात्र मशीनशेजारी कायम उघडा. माप घेता घेता ते एका इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि त्याचं मूळ गाव सांगतात, तो शब्द चिठ्ठीवर लिहून कापडाला टाचतात, आणि कपडा न्यायला आलात की सगळं तुमच्याकडून वदवून घेतात. पायजमा फारसीतला, डंगरी मुंबईच्या डोंगरीची. "आपलंच कापड बोटीत बसून गेलं अन् सायेब होऊन आलं," असं त्यांचं म्हणणं. भरे गावच्या एका नवरदेवाची शेरवानी त्यांनी ऐन हळदीच्या दिवशी अडवली होती. त्याचा शब्द होता 'कम्पॅनियन'. नवरदेवाला घाम फुटला. शेवटी वरमाईनेच सांगितलं, की सोबत बसून भाकरी खातो तो कम्पॅनियन, आणि आता शेरवानी द्या.

बी.कॉम. झाल्यावर मला हिंजवडीच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. आधीच्या दोन मुलाखतींत इंग्रजी ऐकताच माझी दातखीळ बसली होती, आणि हीही हुकली तर घरचे माझं लग्न उरकणार होते. मी ड्रेस शिवायला टाकला. अब्बांनी त्याला एक सोडून वीस चिठ्ठ्या टाचल्या. ड्रेस पार साळिंदरासारखा दिसायला लागला. आदल्या दिवशीपर्यंत तो काही माझ्या हाती लागेना. मी चिडले, रडलेही. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पोरी, अनोळखी मानसाचं भ्या वाटतं. त्याचं गाव कळलं की तो पावणा हुतो. शब्दाचं बी तसंच हाय."

मुलाखतीत व्हायचं तेच झालं. स्वतःविषयी सांगा म्हणाले आणि माझी वाचा बसली. इतक्यात समोरच्या कागदावर 'कँडिडेट' हा शब्द दिसला. हा तर ओळखीचा! रोममध्ये पद मागायला निघालेले लोक पांढराशुभ्र झगा घालत, त्यावरून तो आला, एवढं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. समोरच्या बाई माझ्या जांभळ्या ड्रेसकडे बघून हसल्या आणि त्यांनी हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मग मी दहा मिनिटं अब्बांविषयी बोलत राहिले. सगळं इंग्रजीत बोलतेय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. नोकरी लागली, लग्नाचा विषय मागे पडला.

परवा सहा महिन्यांनी दुकानात गेले. हापिसात काय काय बोलतात, असं अब्बांनी कौतुकाने विचारलं. मी ऐटीत म्हटलं, दिवसभर इंग्रजीच. पण शब्द कुठून आला हे तिथे कुणी विचारत नाही.

"आन् मानसं?" ते म्हणाले. "तुझ्या शेजारी बसती ती पोरगी कुटली?"

तिचं नाव मला ठाऊक होतं, तिची गाडी ठाऊक होती. गाव मी कधी विचारलंच नव्हतं. अब्बांनी मशीन सुरू केलं. त्यांच्यापुढे माझी उत्तरं आजवर शंभरदा चुकली असतील, पण वाईट वाटलं ते त्याच दिवशी.