पोरींनी मला खो दिला, त्याची गोष्ट

ये बाई, अशी जवळ सरक. कागदाला नाक लागेल इतकी जवळ ये, कारण ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. तुझ्यावर मी थोडी रागावले आहे. माझा तो फ्लेक्सवरचा फोटो तुझ्या मोबाईलवर आला, तर तू काय केलंस? केकचं चित्र पाठवलंस, त्याखाली 'हॅप्पी बर्थडे आत्या', आणि पुढे तीन हसरी तोंडं. एक फोन करून विचारलं नाहीस, की आत्या, तुझा वाढदिवस कधीपासून व्हायला लागला? सख्ख्या भावाची लेक तू. माझा जन्म कधीचा हे माझ्या आईलाही धड सांगता येत नव्हतं. 'तलावाचा सांडवा फुटला त्या साली, धान निसवत होतं तेव्हा,' एवढंच ती सांगायची. पुढे आधार कार्डवाल्यानं एक जानेवारी लिहून टाकली. आमच्या गावातली माझ्या वयाची सगळी माणसं एक जानेवारीलाच जन्मली आहेत. त्या दिवशी सुईण किती पळाली असेल, विचार कर.

तर झालं असं. आमच्या शाळेमागच्या पटांगणात बारा पोरी खो-खो खेळतात. चांगल्या खेळतात. त्यांना मिरजेच्या बाजूच्या एका मंडळाचं बोलावणं आलं, जानेवारीच्या शेवटी सामने. राहणं-जेवण त्या मंडळाचं, जाणं-येणं आपलं. आता गोंदियाकडचं, सौंदडच्या अलीकडचं आमचं गाव कुठं आणि मिरज कुठं! महाराष्ट्राचं हे टोक ते ते टोक. पोरींच्या बापांनी हात वर केले. खेळाच्या सरांनी सांगितलं, की दहा तारखेपर्यंत पैसे जमले तर तिकिटं काढतो, नाहीतर 'येत नाही' असं कळवून टाकतो.

संघाची कप्तान आमच्या शेजारची पोरगी. उंच, सडसडीत, बोलेल तर तोडून बोलेल. पुढच्या साली ती त्या वयोगटात बसणार नव्हती. म्हणजे या वेळी गेली तर गेली.

गावातलं कोणतंही काम माझ्याशिवाय होऊ द्यायचं नाही हा माझा जुना आजार तुला माहीत आहे. तेव्हा पोरींची बैठक माझ्याच अंगणात भरली. चहा माझा, सल्लेही माझेच. एकीनं मोबाईलमध्ये पाहिलं होतं, की कुठल्याशा देशातल्या पोरी मोटारी धुऊन पैसे जमवतात.

"आपल्या गावात मोटारी किती?" मी विचारलं.

"तीन. एकीत कोंबड्या राह्यते."

दुसरी म्हणाली, लकी ड्रॉ काढू, पहिलं बक्षीस बकरी. बकरी कोणाची, तर माझी! ते मी तिथंच मोडून काढलं. मग कप्तान म्हणाली, "आजी, घरोघर जाऊन धान मांगू ना. आत्ताच मळणी झाली. पैसा नाई कोनापाशी, पन धान सगळ्यायच्या घरी हाये."

सरळ साधी गोष्ट होती. पण माझ्या अंगात ताठा शिरला. "मांगाचं?" मी म्हणाले. "कटोरा घेऊन? माह्या मायघरच्या लोकायनं हा तलाव बांधला. अर्धा गाव त्या पान्यावर धान पिकवून राहिला. मी कोनाच्या दारात मांगाले जाईन का वं?"

आता तुझ्याशी खोटं कशाला बोलू. तो तलाव आपल्या घराण्यातल्या कोणी पाच पिढ्यांआधी बांधला. मी त्यात टोपलीभर मातीही टाकलेली नाही. पण गावात कोणाशी भांडण निघालं, की मी तो तलाव उचलून मध्ये ठेवते.

कप्ताननं फक्त माझ्याकडे पाहिलं. मोठ्यांनी पोरांच्या कामाला खो घालावा, ही आपल्याकडची रीतच आहे, आणि तो मी घातला होता.

मग मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, बघा, वर्गणी मागितली तर माणूस दार लावून घेतं, पण जेवायला बोलावलं तर रिकाम्या हातानं येत नाही. आहेर आणतंच. एक जानेवारीला माझा वाढदिवस करू, माझ्या फोटोचा फ्लेक्स लावू. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. तांदूळ घरचा. जे पाकीट येईल ते पोरींच्या गाडीभाड्याला. कसं?

पोरींनी टाळ्या वाजवल्या. आमचे म्हातारे पडवीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, "फोटो बुढीचा, भात माह्या कोठीतला."

फोटोवरून आठवलं. फ्लेक्स करायला मी स्वतः गोंदियाला गेले. दुकानदार हिंदी बोलणारा. त्यानं माझा फोटो कॉम्प्युटरवर चढवला, मागे कमळं टाकली, डोक्याभोवती उजेड टाकला. बाई, मी इतकी गोरी आयुष्यात कधी नव्हते. मग तो म्हणाला, "अम्माजी, फोटो थोड़ा छोटा कर दूँ? नीचे की लाइन नहीं बैठ रही." खालची ओळ म्हणजे 'खो-खो संघाच्या प्रवासासाठी मदत करा' ही. मी काय म्हणाले असेन?

"फोटो राहू दे भैया. लाइन छोटी कर."

त्यानं केली. मुंगीच्या पायाएवढी केली आणि पार तळाला नेऊन बसवली. आणि एक तारखेला सकाळी बांबूला फ्लेक्स बांधताना, नेमका तळाचा भाग बांबूभोवती गुंडाळला गेला. उरले फक्त मी, कमळं आणि 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

तरी सावरता आलं असतं. माईक होता ना! कप्ताननं माझ्या हातात माईक दिला आणि कानात म्हणाली, "आजी, गाडीभाड्याचं सांगा." मी उभी राहिले. समोर अख्खं गाव. आणि माझ्या तोंडून काय निघालं? तलाव. तो कसा खोदला, पाळ कशी घातली, माझ्या पणजोबांच्या आजोबांना स्वप्न कसं पडलं. कप्तान समोरून डोळ्यांनी खुणा करत होती. मला वाटलं, पोरगी भारावून गेली आहे. शेवटी मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, वरन थंडं होऊन राहिलं!" तेव्हा मी माईक सोडला. गाडीभाडं तलावातच बुडालं.

सांगायचं म्हणजे, लोकांनी मनापासून आहेर केला. म्हाताऱ्या बाईचा वाढदिवस, तर काय द्यावं? शाल आणि नारळ. एकीनं लुगडं दिलं, एकानं हातात धरायची काठी. पाकिटं निघाली चार, आणि त्यातलं एक रिकामं. पोरींनी दिवसभर पंगती वाढल्या, पत्रावळ्या उचलल्या, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून आहेर उघडला. एकोणीस शाली. सत्तावीस नारळ.

मग सगळ्यांत धाकटी पोर म्हणाली, "आजी, टीसीले नारळ चालते का?"

पोरी हसल्या. कप्तान हसली नाही. ती शालींच्या घड्या घालत बसली होती, एकीवर एक, कडा जुळवून. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, शाली दुकानात परत करू. म्हणून एकेक उलगडून पाहिली, तर एकीच्या कोपऱ्यात लाल धागा. हा धागा मी ओळखते, कारण तो मीच खुणेसाठी घातला होता. पोस्टमन निवृत्त झाला तेव्हा ही शाल मी त्याला दिली होती, आणि त्याच्या आधी ती मला महिला मंडळानं दिली होती. तिची घडीसुद्धा कोणी मोडलेली नाही. दुसऱ्या शालींची तऱ्हा तीच, एकीत तर दुसऱ्याच कोणाच्या नावाची चिठ्ठी निघाली. बाई, आपल्या गावात शाली पांघरत नाहीत. त्या फिरतात.

दहा तारखेला आठ दिवस उरले होते. दुपारी मी शेजारी गेले. कप्तान शेणाच्या गोवऱ्या रचत होती. मी म्हटलं, "चाल, धान मांगाले जाऊ."

तिनं हात धुतले, पोतं घेतलं, सायकल घेतली. 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दानं म्हणाली नाही. तिच्या जागी मी असते तर वर्षभर म्हटलं असतं.

बाकीच्या पोरी वाटेत मिळाल्या. पहिलं घर पोस्टमनच्या बायकोचं. लाल धाग्याची शाल माझ्या काखेत, परत द्यायला. आणि फाटकाशी आल्यावर माझे पाय थांबले. तोंडातून शब्द निघेना. मी, जिला गप्प बसवायला लोक वरण थंड झाल्याचं ओरडतात, ती मी! आत म्हातारी तूर निवडत होती, मी तिच्याकडे पाहत फाटक धरून उभी. मागे बारा पोरी.

तेवढ्यात पाठीवर थाप पडली आणि कप्तानचा खणखणीत आवाज आला, "खो!"

तुला खेळ माहीत आहे ना? मधल्या पाटीवर रांगेत बसलेल्या खेळाडूला आपल्या मनानं उठता येत नाही. मागून कोणीतरी पाठीला हात लावून खो म्हटलं, की मगच उठायचं, आणि मग थांबायचं नाही. मी फाटक ढकललं आणि सरळ पडवीत जाऊन उभी राहिले.

"काऊन वं बाई, शाल वापस आनली? रंग नाई आवडला का?"

"रंग आवडला. मीच तुमच्या घरी दिला होता तो." मी म्हणाले. "गोठ अशी हाये बाई, की तो वाढदिवस खोटा होता. या पोरीयच्या गाडीभाड्यासाठी केला होता. मले सांगाचं सुचलं नाई."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "मंग आधी नाई सांगाचं? आमी घरी बोलून राहिलो होतो, का बुढीले आता हाराची हौस आली!"

"हौस आली होती, ते बी खरंच हाये."

ती हसली. इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग उठली आणि म्हणाली, "रोख नाई वं माह्यापाशी. धान चालन का?"

पोतं उघडून धरणाऱ्या पोरींकडे मी पाहिलं. कप्तान खाली मान घालून गालात हसत होती. महिन्याभरात पहिल्यांदा.

मग काय, सहा दिवस आम्ही घरोघर फिरलो. प्रत्येक फाटकापाशी मी अडायची, आणि प्रत्येक फाटकापाशी कोणीतरी पोरगी मला खो द्यायची. माझी पाठ लाल झाली. कोणी पायलीभर धान दिलं, कोणी अर्धं पोतं. टोमणे सगळ्यांनी दिले. एक जण म्हणाला, "बाई, अख्खी गोठ सांगा, पन तलाव सोडून." ज्या घराशी माझं बांधावरून पाच वर्षं बोलणं नव्हतं, तिथंही गेले. त्या बाईनं धान दिलं, चहा दिला, आणि बांधाचं मात्र काही कबूल केलं नाही. मीही केलं नाही.

सरांनी धान राईस मिलवर नेऊन विकलं. तिकिटं निघाली, वर वाटेतल्या जेवणापुरतं उरलं. पोरींनी नारळांच्या वड्या केल्या. आणि जानेवारीची थंडी, स्लीपरचा डबा, तेव्हा शालीही कामाला आल्या. लाल धाग्याची घ्यायला म्हातारी तयारच नव्हती, तीही गेली. गोंदिया स्टेशनवर मी सोडायला गेले, तर बारा पोरी अंगभर शाली पांघरून फलाटावर उभ्या. जणू बारा हेडमास्तर एकदम निवृत्त झाले आहेत. गाडी हलली तेव्हा कप्ताननं खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला ओरडून काय म्हणाली, ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. मला वाटलं, खो म्हणाली असेल. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बाजूले सरका म्हनलं असन."

पोरी दोन सामने जिंकल्या, तिसरा हरल्या. कप्तान शेवटच्या डावात इतकी पळाली, की पायाचं नख उखडून आली. ते तिनं मला बक्षीस दाखवावं तसं दाखवलं. शाली मात्र एकीनंही परत दिल्या नाहीत. मी मागितल्याही नाहीत. मागायची सवय लागली होती, तरी.

आणि ऐक, तिकडच्या मंडळानं आमच्या सरांचा सत्कार केला. काय दिलं असेल? सरांनी ती आल्या आल्या माझ्या ओट्यावर आणून ठेवली. म्हणाले, "आजी, मान तुमचा." नवी कोरी आहे, मिरजेकडची. मी घडी मोडली नाही, कोपऱ्यात धागाही घातला नाही. तुझ्यासाठी ठेवली आहे, पण पोस्टानं पाठवणार नाही. इथं येऊन पांघरायची. होळीच्या आत ये, तोवर सकाळी गारवा असतो. कप्तानही तुला पाहायची म्हणते, फ्लेक्सला हसणारी पुण्याची बाई कोण ते.

घे, पाठ इकडे कर. खो! आता बसून राहू नकोस बाई, ऊठ आणि ये.