रामेश्वराची तिकिटं घेऊन सोलापूरला

विलायतेच्या राजाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा पोस्टात रामेश्वराच्या देवळाचं चित्र असलेली तिकिटं आली. एक आण्याला एक. देव दिसला म्हणून मी तुपाच्या पैशातून मूठभर घेतली. मग बाजारात ऐकलं, सोलापुरात असली तिकिटं विकत घेतात. मालकांना म्हटलं चला, तर म्हणे गुरं कोण बघणार. मग एकटीच निघाले.

धाकटी जाऊ हसली. "ताई, कागूद कोण घेतंय? शिक्का तरी हाय का त्यावर?"

पैज लागली. किंमत आली तर महिनाभर दळण तिचं, नाही आली तर माझं.

शिक्क्याचं मात्र पटलं. शिक्क्याबिगर सरकारी कागदाला कोण विचारतं? गावच्या पोस्टमास्तराच्या मागं लागून सगळ्या तिकिटांवर शिक्के मारून घेतले. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, "मारा की!"

मोडनिंबहून छोटी गाडी. इतकी हळू, की उतरून बोरं तोडावीत आणि परत चढावं. कुर्डुवाडीला मोठी गाडी, तिथं लाजू नका, कोपरं चालवा.

सोलापूर! गिरणीच्या चिमण्या बघायला मान वर केली, तर पदर खाली. टांगेवाला म्हणाला, "आओ अम्मा, दो आने."

"एक देईन, न्हायतर चालत जाते."

"बैठो, तुमाराच राज हाय!"

नव्या पेठेत आधी खाणावळीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खा. चटणी पुन्हा मागा, कुणी तोंड वाकडं करत नाही.

शेजारीच वह्या-दौतींचं दुकान. तिथले अप्पा तिकिटं पारखतात. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलण्यात कानडी हेल.

"अक्का, शिक्का कुणी मारला?"

"मीच मारून घेतला!"

अप्पांनी कपाळाला हात लावला. एक तिकीट उजेडात धरलं, कडेचे दात बघितले, उलटं करून डिंक बघितला.

"दात धड हायत, डिंक बी हाय. पर ही लई छापली, अन् सगळ्यांनी जपून ठेवली. घरोघरी हाय त्याला किंमत कशाची? कोरी असती तर पत्राला तरी लागली असती, एक आना खरा. शिक्का बसला म्हंजे वापरून झाली की!"

"म्हंजे काहीच न्हाय?"

"शंभराला कपभर चहा येईल."

"मूठभरच हायत!"

"मग वास घ्या."

मी अशी हसले की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघाय लागली. अप्पांनी खरंच अर्धा कप चहा पाजला.

घरी पोचले तर जाऊ दारातच. "किती आले?"

"चहाचा वास आला. शिक्का शिक्का कोण म्हणालं हुतं गं?"

"मी म्हणाले, पर मारला कुणी?"

दोन दिवस भांडलो. पैज कोण हरलं ते अजून ठरलं नाही, म्हणून एकाच जात्याला दोघी समोरासमोर बसतो. एक रामेश्वर भिंतीला चिकटवलाय, शिक्क्यासकट. दळता दळता ती म्हणते, "ताई, चिमण्यांचं परत सांगा." काल तिनं जातं मधेच थांबवलं.

"म्होरल्या खेपंला मी बी येते. इकायला काय न्यायाचं?"

"काय बी नगं," मी म्हटलं. "फकस्त तुजी अक्कल घरी ठेव."

तिनं मूठभर पीठ माझ्या तोंडावर फेकलं. मग कसलं दळण!