थंड नळीचा आकडा

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामा म्हणत. वयाने दोनच वर्षांनी लहान असलेले सरसुद्धा. छत्तीस वर्षं मामांनी एकच काम केलं. ज्योत पेटवायची, ती कुठे डगमगते ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. अलीकडे ज्योत हायड्रोजनची असे, म्हणजे उजेडात दिसतच नाही अशी. नवा माणूस विचारायचा, "पेटली का?" मामा बारीक तार पुढे धरायचे आणि ती लालबुंद झाली की म्हणायचे, "घाल बोट, खात्री करून घे."

पितळी नळीच्या तोंडाशी ज्योत लावून ते वायूचा वेग हळूहळू कमी करत. एका आकड्याला ज्योत तोंड सोडून आत शिरे, फट्ट आवाज होई. तो आकडा लिहायचा आणि नळी निवेपर्यंत चाळीस मिनिटं थांबायचं. तापलेल्या नळीत ज्योत लवकर, म्हणजे वेग जास्त असतानाच, आत घुसते, म्हणून वहीत एक रकानाच होता, 'नळी थंड?' मामा तिथे 'हो' लिहीत.

गेल्या वर्षी बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. औषधाचे थेंब घालायला चारच्या आत घरी पोचायला हवं असे. त्या दोन आठवड्यांत मामा दहाच मिनिटं थांबले. रात्रभर निवलेल्या नळीवर रोजचा पहिला आकडा एकतीसच्या आसपास यायचा, पुढचे सगळे अडतीस-एकोणचाळीस. पहिल्या वेळी वायू नीट मिसळला नसेल, असं म्हणून त्यांनी रोजचा पहिला आकडा गाळला. आणि प्रत्येक ओळीत 'हो' लिहिलं.

तीच ज्योत संगणकावर गणिताने उभी करणारी एक मुलगी वरच्या मजल्यावर बसायची. तिचा आकडा तीस येई. सरांनी तिला सुनावलं, "मामांची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तू तुझं गणित तपास." सात महिने ती तपासत राहिली. ती जिन्यात भेटली की मामा म्हणायचे, "काय गणितबाई, जमलं का?" ती हसायची. हळूहळू हसेनाशी झाली.

एका सकाळी ती खाली आली. "मामा, प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाकतेय. सोमवारी सरांना सांगणार. त्याआधी एकदा ज्योत दाखवा ना. इतके महिने तिच्यावर डोकं फोडतेय, पण पाहिलीच नाही."

मामांनी दिवे मालवले. अंधारात नळीच्या तोंडावर फिकट निळसर कोंब उभा राहिला. "एवढीशीच?" ती म्हणाली. मामांनी वेग उतरवला. तिने कानांवर हात ठेवले, डोळेही मिटले. फट्ट! वेगाच्या मीटरचा काटा एकतीसवर होता. तिने डोळे उघडले तोवर मामांनी झडप बंद केली होती आणि काटा शून्यावर आला होता.

"थँक्यू मामा," ती म्हणाली आणि वर गेली.

त्या रात्री जेवताना मामांनी बायकोला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "तुझ्या डोळ्यापायी घाई झाली गं."

"अहो, माझ्या डोळ्यावर नका ढकलू," ती म्हणाली. "चारला या म्हटलं होतं मी. खोटं लिहा म्हटलं नव्हतं."

"आता चार महिन्यांनी रिटायर होतोय. सरांना काय तोंड दाखवू?"

"आणि त्या पोरीला? तिला रोज दाखवताय ते तोंड चालतं का?"

सोमवारी मामा आठ वाजताच जिन्यात उभे राहिले. ती आली तेव्हा त्यांनी वही उघडून तिच्यापुढे धरली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. दहा मिनिटं, गाळलेले आकडे, परवाचा एकतीस, सगळं. ती रागावेल म्हणून ते तयारीने आले होते. तिने फक्त विचारलं, "नळी किती गरम होती?"

"मोजलंच नाही, पोरी."

ती पायरीवर बसली. "मामा, सात महिने मी स्वतःला मूर्ख समजतेय. घरी फोन करून सांगितलं, मला हे झेपत नाही, परत येते."

मामांना माफी मागायची होती, पण त्या वाक्यापुढे माफी फार लहान वाटली. ते तिच्याबरोबर सरांकडे गेले. सर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

ठरलं ते असं, की सगळी मापं पुन्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी मुलगी घड्याळ घेऊन खाली आली आणि वहीपाशी तीच बसली. मामांनी खिशातलं पेन काढलं, पुन्हा ठेवलं. पहिली फट्ट झाली.

"एकतीस," मामा म्हणाले.

तिने लिहिलं नाही. ती उठून मीटरपाशी आली, आणि तिला नीट दिसावं म्हणून मामा बाजूला झाले.