शुक्रवारचं उत्तर

मोरोक्कोतल्या आमच्या सला गावात तहामीइतका तर्कट माणूस दुसरा नाही, आणि त्याच्याइतका प्रेमळ नवराही नाही. हे दुसरं त्याच्या तोंडावर मी कधी म्हणणार नाही, उगाच शेफारेल. तीस वर्षं नदीपल्याडच्या एका कचेरीत त्यानं कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिले. मी न्हावी. निवृत्त झाला तो माझ्या दुकानात ठाण मांडून बसला.

"प्रोग्रॅममधला एकेक छोटा तुकडा म्हणजे फंक्शन," एकदा दाढीला साबण लावून घेता घेता तो सांगू लागला. "त्यातलं शुद्ध फंक्शन म्हणजे..."

"नमाजाआधी हातपाय धुतलेलं?"

"गप रे वाहिद! दोन आणि तीन दिले की पाच. आज पाच, ईदला पाच, हजारदा विचार, पाचच. ते घड्याळ बघत नाही, कालचं आठवत नाही, उत्तर देताना बाहेरचं काही हलवत नाही. यातलं एक जरी केलं तरी अशुद्ध."

"मग माझी बायको पक्की अशुद्ध. मीठ मागितलं तर वीस वर्षांपूर्वीचं भांडण आठवून देते."

साबणासकट हसला.

पुढं त्याचा एकुलता एक मुलगा अय्याद गाडीच्या अपघातात गेला, आणि वर्षभरात त्याच्या बायकोची, झहोरवहिनींची, स्मरणशक्ती विरत गेली. "अय्याद कुठंय?" हा प्रश्न तेवढा राहिला. पहिला महिना तहामीनं खरं सांगितलं. दिवसातून चार-चारदा त्या बाईचा मुलगा नव्यानं मरायचा.

"आता एकच उत्तर ठरवलंय," तो मला म्हणाला. "तांजियरला गेलाय, शुक्रवारी येईल. कधीही विचारलं तरी तेच. एकदम शुद्ध."

मी शाबासकी दिली. दोघंही गाढव!

सोमवार निभावला, बुधवार निभावला. शुक्रवारी मी नेहमीसारखा न बोलावता त्यांच्याकडं कुसकुस खायला गेलो. वाफवलेल्या रव्याचा हा पदार्थ आमच्या गावात घरोघरी शुक्रवारीच शिजतो, पण माझ्या घरचा कोरडा होतो. वहिनी बाकी सगळं विसरल्या तरी दुपारची बांग आणि कुसकुसची वाफ एकत्र आली, की वार ओळखायच्या.

त्यांनी अय्यादचं विचारलं, तहामीनं ठरलेलं उत्तर दिलं. "आज शुक्रवारच ना! मग येतोय पोरगा," त्या म्हणाल्या. थाळ्यावर हात आडवा धरला. "तो आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. वाहिदभावजी, तुम्हीसुद्धा. अधाशी कुठले!"

तिसऱ्या प्रहरापर्यंत आम्ही बसून राहिलो. कुसकुसचा दगड झाला. असे चार शुक्रवार त्या उपाशी राहिल्या. त्यांना साखरेचा आजार. चौथ्या वेळी भोवळ येऊन पडल्या. डॉक्टर तहामीवर ओरडला, "यांनी वेळेवर जेवलंच पाहिजे!"

"चूक माझी," तहामी दुकानात येऊन म्हणाला. "शब्द तेच ठेवले, पण त्यात वार घातला. म्हणजे उत्तराला बाहेरचं कॅलेंडर चिकटलं."

"मग वार काढ."

पाचव्या शुक्रवारी वहिनींनी पुन्हा हात आडवा धरला. तहामी थाळ्याकडं बघत म्हणाला, "तो जेवून गेला."

"मला न भेटता?"

"हो."

"एवढी कसली घाई मेल्याला?" त्यांचे डोळे भरले. मग बाहीनं पुसले, चमचा उचलला आणि जेवल्या. चांगल्या जेवल्या. मी सगळे सलगम ओढतो म्हणून मला बोलल्यासुद्धा.

आता तेच उत्तर, कुठल्याही वारी. "साधलं बाबा तुझं शुद्ध फंक्शन," मी त्याला हसवायला म्हणालो.

"तिच्या बाजूनं हो," तो म्हणाला. "तिच्या मनात काही उरत नाही. माझ्याकडं मात्र सगळं साठतं, वाहिद. ती 'न भेटता?' म्हणते, तेव्हा मला मागचे सगळे 'न भेटता' एकदम ऐकू येतात."

परवाच्या शुक्रवारी वहिनींनी एकाच जेवणात दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तहामीनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. वहिनींनी चमचा खाली ठेवला.

"जेवून गेला, वहिनी," मीच म्हणालो.

त्या माझ्याकडं वळल्या. "मला न भेटता?"

खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकांना मी जन्मभर थापा मारत आलोय. पण माझ्या तोंडून साधं 'हो' निघेना. त्या बघत राहिल्या. शेवटी तहामीच म्हणाला, "हो."

मग त्या जेवल्या.