पावसाळ्यात धुऊन मिळेल

"न विचारता जो किंमत कमी करतो, त्याच्याकडून काही घेऊ नये," असं अनसूयाबाई गंगापूरकर एकदा भर दुकानात म्हणाल्या होत्या. तेव्हापासून गुलमंडीतले दोन-तीन कापडवाले त्यांना पाहिलं की आधी किंमत चढवूनच सांगत.

नोकरीभर त्यांनी कोशागारात लोकांच्या सह्या जुळवून पाहिल्या. निवृत्त झाल्यावर सह्या संपल्या, नजर उरली. मग ती दूधवाल्याच्या मापावर, भाजीवाल्याच्या तराजूवर, जिन्यातल्या अनोळखी चपलांवर फिरू लागली. त्यांचे यजमान श्रीधरपंत पाहुण्यांना सांगत, "हिनं लग्नाआधी मलाही उजेडात नेऊन पाहिलं असणार."

"पाहिलं होतं," बाई म्हणत. "त्या दिवशी आभाळ आलं होतं."

आता आभाळही येत नव्हतं. जायकवाडी धरणाच्या तळाला चिखलाला भेगा पडल्या होत्या, आणि शहर मात्र बीड बायपास ओलांडून माळरानावर चाललं होतं. इमारती पुढं गेल्या होत्या, नळ मागंच राहिला होता. अनसूयाबाईंच्या इमारतीला टँकरचंच पाणी. टँकर खालच्या हौदात ओतून जाई, आणि बाई हौदात वेळूची काठी बुडवून ओल कुठवर चढली ते बघत. सगळी बिऱ्हाडं झोपेत असोत की जागी, काठी खोटं बोलत नाही, असं त्यांना वाटे. आणि गेले काही दिवस काठी सांगत होती, की पाणी खर्चापेक्षा जास्त उतरतंय.

संशयाला फार चालावं लागलं नाही. वरच्या मजल्यावर मृण्मयी नावाची मुलगी भाड्यानं राहायला आली होती. एकटी. तिची बोटं कधी पिवळी असत, कधी तपकिरी. कुंड्यांशेजारी डाळिंबाच्या साली वाळत, आणि गॅलरीतून उकळलेल्या काढ्यासारखा वास येई.

"कपडे रंगवती म्हणं," शेजारच्या केसरबाईंनी बातमी आणली. "झाडपाल्याच्या रंगानं. अन् लई महाग इकती."

"रंगवायला पाणी लागतं," अनसूयाबाई म्हणाल्या. एवढंच. पण संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळे मजले चढून उतरलं.

उस्मानपुऱ्यात एका मंगल कार्यालयात हस्तकलेचं प्रदर्शन लागलं होतं. अनसूयाबाई तिथं गिऱ्हाईक होऊन गेल्या. नारळाच्या करवंटीची कानातली, बियांच्या माळा, पैठणीच्या उरलेल्या काठांचे बटवे. प्रत्येक टेबलामागं एक हसरं माणूस, आणि प्रत्येकजण सांगतोय की हे मीच केलंय. बाईंनी एक माळ नखानं खरवडली, एका बटव्याची शिवण उलटी करून पाहिली. कोपऱ्यातल्या टेबलाशी मृण्मयी होती. तिच्यासमोर स्टोल पसरले होते, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: रंग सुटेल. पावसाळ्यात धुऊन मिळेल.

"काकू, तुम्ही!" ती उठली. "हा विटकरी बघा, मंजिष्ठेच्या मुळांचा. तुम्हाला खुलेल. तुमच्यासाठी कमी करते."

इथंच बाईंचं मन मिटलं.

त्यांनी पांढरा रुमाल बाटलीतल्या पाण्यानं ओला केला आणि स्टोलचं टोक चोळलं. रुमाल लाल झाला. आजूबाजूच्या दोघी-तिघी थांबून बघू लागल्या.

"हे काय गं? झाडाचा रंग असा सुटतो?"

"लिहिलंय ना काकू. रंगवायला एक पातेलं पुरतं, तेवढं मी जारचं पाणी विकत घेते. धुवायला मात्र ढीगभर पाणी लागतं. शेवटची तीन-चार पाणी यंदा दिलीच नाहीत. पाऊस पडला की आणून द्या, धुऊन देते."

"आणि नाही पडला तर?"

मुलगी हसली नाही. "तर मी तरी इथं कशाला असेन?"

मागं उभ्या असलेल्या दोघींनी हातातले स्टोल खाली ठेवले. अनसूयाबाईंनी मात्र विकत घेतला, पुरी किंमत मोजून. पुरावा फुकट घेऊ नये, अशी त्यांची शिस्त होती.

तो लाल रुमाल त्यांनी जिन्यात केसरबाईंना दाखवला, मग नानासाहेबांना. नानासाहेब इमारतीचे अध्यक्ष. गावाकडची शेती बटाईनं देऊन इथं आलेले. "पोरगी बनेल दिसते," ते म्हणाले. "रविवारी बैठक घेऊ. घरमालकाला कळवू, खोली खाली करून घे म्हणून. बाई, सुरुवात तुम्हीच करा. तुमच्यापाशी पुरावा हाय."

रविवारी दुपार कलल्यावर बाईंना वाटलं, पुरावा आणखी पक्का करावा. स्टोल पूर्ण धुतला तर रंग उतरून फडकं उरेल. तेच सर्वांसमोर धरावं. आपल्या वाट्याच्या पाण्यातून त्यांनी बादली घेतली. पहिलं पाणी कुंकवासारखं गेलं. बाईंना बरं वाटलं. दुसरं फिकट गेलं. तिसरं चहाच्या धुवणासारखं. चौथं पाणी त्यांनी पातेल्यात घेऊन खिडकीशी नेलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. तळाची कल्हई स्वच्छ दिसत होती. स्टोल तसाच विटकरी होता. उलट पहिल्यापेक्षा उजळ.

"काय झालं?" श्रीधरपंतांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांनी तो गॅलरीत वाळत घातला. मुलीनं ही पाणी दिलीच नव्हती. तिचे सगळे स्टोल तसेच सुटत होते. मग हौदातलं पाणी तिनं नेलं कशासाठी? चोरी आणि लबाडी, दोन्ही आरोप बाईंनी एकाच मुलीवर ठेवले होते, आणि आता एकही उभा राहत नव्हता.

संध्याकाळी सगळे खाली पार्किंगमध्ये जमले. मृण्मयी खांबाला टेकून उभी होती. नानासाहेब म्हणाले, "हं, अनसूयाबाई."

बाई उठल्या नाहीत. तेवढ्यात वरून एक थेंब केसरबाईंच्या हातावर पडला. त्यांनी मान वर केली.

"अगं बया! काकू, ओढणी धुतली व्हय तुम्ही? आम्ही भांडी राखेनं घासतोय, अन् तुमच्यात धुणी चालल्यात? पाणी आलं कुठून?"

माना वळल्या. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर आज अंगावर आल्यावर बाईंना तिचं वजन कळलं. माझ्या वाट्याचं पाणी, असं सांगता आलं असतं. पण मग कशासाठी धुतलं, तेही सांगावं लागलं असतं.

मृण्मयी खांब सोडून पुढं आली. गॅलरीकडं बघत तिनं डोळे बारीक केले.

"रंग बसला की, काकू," ती म्हणाली. आवाजात आरोप नव्हता, आनंदच होता. आपलं काम पहिल्यांदा पुरं झालेलं पाहावं तसा. "किती पाणी दिलीत? मी राखलेली पाणी तुम्ही दिलीत."

नानासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "म्हंजे हिनं कपडे धुतलेच नव्हते? मग हौदातलं पाणी नेलं कुणी? बाई, तुम्हीच सांगा आता. कुणावर संशय तुमचा?"

अनसूयाबाईंनी एकेका चेहऱ्याकडं पाहिलं. केसरबाई, नानासाहेब, खुर्चीच्या कडेवर बसलेले श्रीधरपंत. शेवटी मुलगी. तिच्यावर नजर थोडी थांबली. मग त्यांनी पदर सारखा केला, खुर्ची मागं सारली आणि एकही नाव न घेता फाटकातून बाहेर पडल्या.